विमानानं एक तास वीस मिनिटं

या शहरापासून त्या शहराचं अंतर किती?

बायकोनं फोनवरचं मोठ्यानं वाचलं. "हवाई अंतर सहाशे दहा किलोमीटर. विमानानं एक तास वीस मिनिटं."

"ते नको. पुढचं वाच."

"अहो, पुढचं येऊ तर द्या. आधी जाहिरात आहे."

मी पालथा होतो. दहा दिवस पालथाच आहे. जेवतो मान खाली घालून, झोपतो मान खाली घालून, कुणी भेटायला आलं तर त्याच्या चपलांशी बोलतो. शेजारचे काका म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदाच इतका नम्र झालास." मी त्यांच्या अंगठ्याला हसून दाखवलं.

मी फरश्या बसवतो. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून सांधे भरत होतो, तेव्हा डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काळं शटर उतरायला लागलं. मला वाटलं, दिवा गेला. दिवा गेला नव्हता. डोळ्याचा पडदा सुटला होता, ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटतो तसा. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो जागेवर बसवला आणि तो चिकटेपर्यंत आतून दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. आम्हीही फरशी बसवली की वर वजन ठेवतो. फक्त हे वजन वर पळणारं आहे. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणून मी पालथं राहायचं, म्हणजे बुडबुडा पाठीकडे पळतो आणि पडद्याला टेकून बसतो.

उजवा डोळा जन्मापासूनचा आळशी. माझी बहीण त्याला सरकारी डोळा म्हणते. जागेवर असतो, काम करत नाही.

डॉक्टरांनी मनगटाला हिरवी पट्टी बांधली होती. तिच्यावर लिहिलं होतं : डोळ्यात वायू आहे. विमानप्रवास करू नये.

गाडीबद्दल काही लिहिलं नव्हतं.

रस्त्यानं किती वेळ लागतो?

नऊशे चाळीस किलोमीटर. सोळा तास.

"जमतंय की," मी म्हणालो.

जमवायलाच हवं होतं. त्या शहरात, एका मोठ्या इस्पितळाच्या काचेच्या खोलीत माझी धाकटी बहीण होती. तिला घरात सगळे चिमणी म्हणतात. तिच्या हाडांतला मगज आजारानं नासला होता. तो डॉक्टरांनी औषधं घालून पुरता मारून टाकला होता, आणि त्याच्या जागी आता माझ्या रक्तातल्या पेशी जायच्या होत्या. साऱ्या नात्यात जुळल्या त्या माझ्याच. त्या काढायचं यंत्र आमच्या शहरात नाही. पाच दिवस बायको माझ्या पोटावर इंजेक्शनं टोचत होती, त्यानं हाडांतल्या पेशी रक्तात उतरतात. उद्या सकाळी त्या रक्तात सर्वांत जास्त असणार, परवा ओसरणार.

डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता. तिचा जुना मगज मारायला अजून सुरुवात व्हायची होती. "मी आता सुरू करते. मग मागे फिरता येणार नाही. तुम्ही नक्की येऊ शकाल ना?"

तारीख आधीच दोनदा पुढे गेली होती. मी पालथ्या पालथ्या म्हणालो, "नक्की."

विमान नाही तर गाडी. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. सबंध आयुष्य सपाटीत गेलेल्या माणसाला असंच वाटतं.

टॅक्सी की स्वतःची गाडी?

दोन्ही नाही. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुऊन पोचवणारी व्हॅन. ती माझ्या मेहुण्याची. त्याला बायको अजून छोट्या म्हणते, पोट स्टिअरिंगला टेकतं तरी. त्यानं मागच्या भागात चादरींचे गठ्ठे असे रचले की मला छाती टेकून पडता येईल आणि तोंडासाठी मध्ये खाच राहील. खाचेखाली व्हॅनचा पत्रा.

"भाऊजी, सगळा माल धुतलेला आहे. लाळ गाळायची असेल तर उजवीकडच्या गठ्ठ्यावर गाळा, तो परत यायचाच आहे."

बायको माझ्या डोक्याशी बसली. पहाटेच निघालो. खाचेतून मला पत्रा दिसे आणि पत्र्यावर मधोमध एक गोल. तो बुडबुडा. खाली बघितलं की तो नजरेच्या मध्यावर येऊन थांबतो आणि गाडी वळली की किंचित कलतो. आमच्या पाणसळीतही असाच बुडबुडा असतो. पंचवीस वर्षं मी त्याच्याकडे बघून जमीन सपाट केली. तोच आता डोळ्यात येऊन बसला होता आणि मी त्याच्याकडे बघत रस्ता मोजत होतो. गोलाच्या आत सगळं पाण्यातल्यासारखं. कडेभोवती थोडं स्वच्छ. त्या थोड्यात बायकोच्या पायाची करंगळी.

खिडकीची जागा कोणत्या बाजूला घ्यावी?

हे चिमणीनं विचारलं, फोनवर.

"दादा, विमानतळावर पोचलास?"

"निघालोय."

"खिडकीची जागा घे हं. डोंगर दिसतात म्हणे खाली. तू कधी वरून काही बघितलंच नाहीस, जन्मभर जमिनीकडे बघत बसलास."

तिला डोळ्याचं सांगितलं नव्हतं. छोटंसं ऑपरेशन झालंय, इतकंच. तिला कळलं असतं तर तिनं डॉक्टरीणबाईंना सुरूच करू दिलं नसतं. आणि आता कळून उपयोग नव्हता. आता तिच्यात तिचं असं काही उरलंच नव्हतं.

"आवाज कसला येतोय?"

"टॅक्सी आहे."

पुढून छोट्या ओरडला, "मीटर टाकू का, साहेब?"

"टॅक्सीवाला फार बोलतो रे तुझा. ऐक, माझा आज शून्य आला. पांढऱ्या पेशी शून्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्हेरी गुड. शाळेत शून्य मिळाला तेव्हा आईनं लाटणं फेकलं होतं, आठवतं?"

"मला लागलं होतं. तू वाकलीस."

ती हसली आणि मग खोकली. खोकला बराच वेळ चालला. बायकोची करंगळी आत वळली.

"थोडा ताप आहे सकाळपासून," चिमणी म्हणाली. "दादा, विमानाला किती वेळ लागतो?"

"एक तास वीस मिनिटं."

"मग ठीक. तेवढं मला जमेल."

घाट किती उंच आहे?

हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

दुपारपूर्वी गाडीनं पुढचं नाक वर केलं. गठ्ठे पायांकडे सरकले. छोट्या म्हणाला, "आला घाट, धरून बसा." मी पत्र्याकडे बघत होतो. गोल कललेला होता, तो सरळ झाला नाही. थोड्या वेळानं मला वाटलं, त्याची कड लांब गेलीय. बायकोच्या करंगळीपर्यंत स्वच्छ दिसायचं तिथे आता करंगळी गोलात आली होती. मग पाऊल आलं. मग तिच्या साडीची किनार.

"तू पाय सरकवलास?"

"नाही."

मग दुखायला लागलं. भुवईच्या मागे कुणीतरी अंगठा रोवून दाबावं तसं. अंगठ्याच्या जागी मूठ आली. कानात मळमळ सुरू झाली. कान मळमळू शकतात हे मला तेव्हा कळलं.

"अहो, घाम कसला हा? छोट्या, थांब. थांब म्हणते ना!"

"वळणावर कसा थांबू, ताई? मागे ट्रक आहे."

"अहो, बोला ना काहीतरी."

"गोल वाढतोय," मी म्हणालो. "किनारीसकट खाल्लं त्यानं."

डोळ्यातल्या वायूला विमान आणि गाडी यातला फरक कळतो का?

डोळ्याच्या डॉक्टरांनी तिसऱ्या वेळी फोन उचलला. बायकोनं तो माझ्या तोंडाखाली, पत्र्यावर ठेवला.

"कुठे आहात?"

"घाटात."

"कुठल्या घाटात? घाटात का आहात तुम्ही?"

"विमान नको म्हणालात ना. म्हणून गाडीनं निघालो."

पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे ढकलली.

"अहो, विमान काय आणि घाट काय! उंच गेलं की हवा विरळ होते, आतला वायू फुगतो. फुगून डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पाडतो. वर पोचेपर्यंत डोळा मेला असेल. आंधळे व्हाल तुम्ही, समजतंय का? आधी खाली उतरा. आत्ता. या मिनिटाला."

छोट्यानं ट्रकवाल्याच्या शिव्या खात गाडी वळवली. उतारावर मूठ सैल झाली, परत अंगठा झाली. गोलातून किनार बाहेर आली, मग पाऊल, मग करंगळी. ती करंगळी मला इतकी बघावीशी वाटेल असं लग्नात वाटलं नव्हतं.

दुसरा रस्ता आहे का?

आहे. समुद्राच्या कडेनं, डोंगराला वळसा घालून. सतराशे किलोमीटर. परवा पहाटे.

रुग्ण एक दिवस थांबू शकतो का?

घाटाखाली पेट्रोलपंप होता आणि त्याला लागून चहाची जागा. मी टेबलाच्या कडेवर कपाळ टेकून खाली बघत बसलो. तिथली फरशी घाईत बसवलेली होती, सांधे वाकडे, एका कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या फरश्या. असं बघून एरवी मला राग येतो.

काचेच्या खोलीतल्या सिस्टरनं फोन घेतला. बायकोनं सगळं सांगितलं. सिस्टर हळू आवाजात बोलली, बहुधा चिमणी जवळच होती.

"बाई, ताप वाढलाय. तिच्याकडे लढायला एक पेशी नाही. एक दिवस म्हणजे... मी हो म्हणू शकत नाही. आणि यांच्या पेशी परवा ओसरतील, मग पुन्हा पाच दिवस इंजेक्शनं. पाच दिवस ती..."

बायकोनं फोन ठेवला. मला तिच्या चपला दिसत होत्या. डावीचा पट्टा सेफ्टीपिननं जोडलेला. त्या चपला माझ्यापासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या.

"बुडबुडा काढून टाकला तर?" मी म्हणालो. "जो फुगतोय तो आतच नसेल तर?"

डॉक्टरांना परत फोन.

"सुईनं काढता येतो. आत पाणी भरता येतं. पण पडदा अजून पुरता चिकटलेला नाही. आधार काढला की सुटणार. तासांत सुटेल, दिवसांत सुटेल. दुसऱ्यांदा सुटलेला पडदा बसवणं फार कठीण असतं. आणि तुमचा हा एकच डोळा आहे. मी तुम्हाला हा सल्ला देणार नाही."

"मी सल्ला मागत नाही. होतं की नाही, ते सांगा."

"होतं."

चपला माझ्या समोर येऊन थांबल्या.

"मला विचारू नका," बायको म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "नको म्हटलं तर तिला मी मारली. हो म्हटलं तर तुम्हाला मी आंधळं केलं. मला अजिबात विचारू नका."

"नाही विचारत."

"का नाही विचारत? वीस वर्षं साडीचा रंगसुद्धा मला विचारून सांगता, आणि आता विचारत नाही!"

ती माझ्या पुढ्यात फरशीवर बसली, म्हणजे तिचा चेहरा माझ्या खाली आला. दहा दिवसांत पहिल्यांदा. गोलाच्या आत तो पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. ती रडत होती की बुडबुडा हलत होता, सांगता येत नव्हतं.

छोट्या चहा घेऊन आला, आम्हाला बघून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "खालच्या गावात डोळ्यांचा दवाखाना आहे. चहावाल्याला विचारलं मी."

जवळचा नेत्रचिकित्सक?

पाच किलोमीटर. दुकानांच्या वर, जिना अरुंद. डॉक्टरीण वयस्कर होत्या, त्यांच्या बुटांवरून मला तेवढंच कळलं. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, डोळ्यात बघितलं, मग माझ्या डॉक्टरांशी फोनवर भांडल्या.

"तुम्ही करणार नाही, मग मी का करू? ... हो, मला कळतंय. ... बहिणीचं मला कळतंय हो, मलाही बहीण आहे."

फोन ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या.

"दुसरा डोळा कसा आहे?"

"सरकारी."

"म्हणजे?"

"आहे. काम करत नाही."

"थोडा वायू काढून थोडा ठेवला तर?" बायकोनं विचारलं.

"उरेल तो फुगेलच. आणि उरेल तेवढ्यानं पडदाही धरला जाणार नाही. दोन्हीकडून गेलं." त्या मला म्हणाल्या, "चार दिवस मला जेवण जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"बाई, डोळा माझा आणि जेवण तुमचं जाणार?"

"गप्प बसा. हलू नका."

सुई मला दिसली नाही. गोल दिसला. तो लहान होत गेला, रुपयाएवढा, मग वाटाण्याएवढा, मग मोहरी. मग नाही.

पट्टी न बांधता त्यांनी माझी हनुवटी वर उचलली. "आता मान खाली घालायची गरज नाही. कशासाठी घालणार? दाबायला आत काही उरलंच नाही. बघा. जेवढं बघायचं तेवढं बघून घ्या. काळं दिसायला लागलं की क्षणभर थांबू नका, जिथे असाल तिथे डोळ्याच्या डॉक्टरांना गाठा. जितक्या लवकर, तितकी थोडी आशा."

त्यांचा चेहरा मला दिसला. ओल्या काचेतून दिसावा तसा, पण दिसला. नाकावर तीळ होता.

घाट पार करायला किती वेळ लागतो?

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. बायको मागे गठ्ठ्यांवर. मीच विचारत होतो. ते काय? धबधबा. ते? मेंढ्या, भाऊजी. ते पांढरं? ढग आहे, आपण त्याच्यात चाललोय.

चिमणीला वाटत होतं, हेच मला वरून दिसावं. माथ्यावर मी गाडी थांबवायला लावली नाही. पण मागे वळलो आणि बायकोकडे बघत राहिलो. तिनं तोंड फिरवलं.

"असं बघू नका."

"कसं?"

"शेवटचं बघितल्यासारखं."

"तसं नाही," मी म्हणालो. "किनार कुठल्या रंगाची आहे ते बघत होतो."

"मग? कुठल्या?"

"तूच सांग."



विमानाला उशीर का होतो?

"काल का नाही आलास?" चिमणी काचेपलीकडून म्हणाली. आवाज भिंतीतल्या जाळीतून येत होता. केस नव्हते, भुवयाही नव्हत्या. ओठांवर पापुद्रे. मी तिला तुकड्या-तुकड्यानं बघितलं, सगळं एकदम बघायचा धीर होईना. कान आमच्या आईसारखे आहेत हे केसांमुळे कधी दिसलं नव्हतं.

"विमानाला उशीर झाला."

"डोंगर दिसले?"

"दिसले. मेंढ्या दिसल्या."

"विमानातून मेंढ्या?"

"खाली उडत होतं ना."

"आणि मान का अशी धरलीयेस?"

"झोप लागली. आखडली."

"एक तास वीस मिनिटांत?" ती हसायला गेली, पण ताप होता, हसू अर्ध्यात थांबलं. तिनं तळवा काचेला लावला. मीही लावला. काच बोटभर जाड होती.

किती वेळ लागेल?

"चार तास," सिस्टर म्हणाली. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र पेशी काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. वर टांगलेल्या पिशवीत पेशी जमतात. टोमॅटोच्या सारासारखा रंग.

"हलायचं नाही. काही वाटलं तर लगेच सांगा. आम्ही यंत्र बंद करतो."

मी उताणा होतो. आयुष्यात इतका वेळ छताकडे बघितलं नव्हतं. छत चौकोनी तक्त्यांचं होतं. बसवणाऱ्यानं भिंतीपासून सुरुवात केली होती, मधोमध रेघ मारून नव्हे, म्हणून उजवीकडची ओळ बारीक आली होती. पण रांगा सरळ. मी त्या बघत राहिलो.

पिशवीचा तळ झाकला गेला तेव्हा डावीकडची ओळ गेली.

मला वाटलं, सावली आहे. डोळा मिटून उघडला. ओळ नव्हती. तिच्या जागी काळं, कड थोडी लाटेसारखी हलणारी. मी ओळखलं तिला.

"ठीक आहे ना?" सिस्टरनं विचारलं.

"ठीक आहे."

"तोंडाचा रंग उतरलाय."

"हाडं दुखताहेत. इंजेक्शनांनी."

आता सांगितलं तर ती यंत्र बंद करणार. डोळ्याचे डॉक्टर येणार, मला उचलून नेणार. पिशवी तळाशी राहणार. मी पिशवीकडे बघितलं आणि छताकडे बघितलं. इकडे भरत होतं, तिकडे रिकामं होत होतं. एवढाच हिशेब होता, आणि तो करायला मला घड्याळ लागत नव्हतं.

दुसरी ओळ.

बायको दाराच्या काचेतून बघत होती. मी हात हलवू शकत नव्हतो, म्हणून तिच्याकडे बघून हसलो. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. वीस वर्षं झाली लग्नाला; मी तिच्याकडे बघताना मान किंचित डावीकडे वळवली, एवढ्यावरून तिला कळलं. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला.

मी मान हलवली. नाही.

ती मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी जन्मात कुणाला इतकं घट्ट काही धरलेलं बघितलेलं नाही.

तिसरी. चौथी अर्धी. मग बराच वेळ काही नाही, आणि मला वाटलं, थांबलं. मग दोन ओळी एकदम. दार काळ्यात गेलं, दारातली बायकोही. उजवीकडची बारीक ओळ आणि तिच्या शेजारच्या दोन, एवढं छत उरलं. बसवणाऱ्याची चूक होती ती ओळ, आणि मी मनात म्हणत होतो, हिला राहू दे.

यंत्र वाजलं. सिस्टरनं पिशवी काढली, उजेडात धरून बघितली. मला फक्त तिचा कोपर आणि पिशवीची कड दिसली.

"पुरेशी आहे?"

"भरपूर आहे. बहिणीला नेतेय आता लगेच."

"दाराबाहेर गेली का पिशवी?"

"ही काय, निघाली."

मी बुटांचा आवाज ऐकला. दार उघडलं, बंद झालं. मग दुसऱ्या चपलांचा आवाज, एक पट्टा सैल, धावत माझ्याकडे.

"सिस्टर," मी म्हणालो, जेवढ्या मोठ्यानं जमेल तेवढ्या. "आता डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवा. पळत."